भीतीलाही ऋतू असतो



लेकरू भ्याले, रात्री दचकून उठू लागले, की पूर्वी घरची माणसे अंगारा लावीत. बाहेरची बाधा झाली म्हणत. भगवान बुद्धांची शिकवण निराळी आहे. कारणावाचून काही उत्पन्न होत नाही, आणि जे उत्पन्न होते ते बदलते. हे तत्त्व एका इवल्या पक्ष्याच्या रक्तातही दिसते.

उत्तर अमेरिकेत पांढऱ्या माथ्याची एक चिमणी आहे. तिची एक उपजात हिवाळ्यात कॅलिफोर्निया-मेक्सिकोकडे राहते आणि वसंतात हजारो किलोमीटर उडून अलास्कात वीण घालते. रोमेरो, रामेनोफ्स्की व विंगफील्ड या शास्त्रज्ञांनी १९९७ साली तिच्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. पक्षी पकडताच काही मिनिटांत रक्ताचा थेंब घ्यायचा, नंतर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा घ्यायचा. पकडल्याच्या भीतीने रक्तातले कॉर्टिकोस्टेरोन हे संप्रेरक किती वाढते, ते यातून कळते. पक्षी त्याच जातीचा, पकडणेही तेच. पण ही वाढ प्रत्येक ऋतूत सारखी नव्हती. जुनी पिसे गळून नवी येण्याच्या काळात ती फारच थोडी होती.

असे का? हे संप्रेरक संकटात शरीरातली प्रथिने मोडून शक्ती पुरविते. अवचित हिमवादळ आले तर सगळी कामे बाजूला सारून जीव वाचविण्यास ते पक्ष्याला मदत करते. पण पिसे प्रथिनांचीच बनतात. २००५ साली युरोपीय स्टार्लिंग पक्ष्यांना हे संप्रेरक जादा दिले, तेव्हा त्यांच्या पिसांची वाढ मंदावली. पिसे कच्ची राहिली तर परतीचा प्रवास कसा होणार? म्हणून पिसे येण्याच्या दिवसांत शरीर भीतीला आवर घालते.

बंधूभगिनींनो, यातून काय घ्यावे? भीती ही शत्रू नव्हे, बाधाही नव्हे. ती कारणाने येते आणि कारण सरले की ओसरते. वादळापुरती ती तारते; अवेळी मुक्काम ठोकला तर पंख खुरटवते. पक्ष्याला हा आवर निसर्गाने दिला आहे. माणसाला तो विचाराने आणि एकमेकांच्या आधाराने मिळवावा लागतो.

आपल्या घरातली मुले आज पंख फुटण्याच्या वयात आहेत. त्यांना धाकात ठेवू नका. लेकरू भ्याले तर अंगारा शोधू नका. त्याला जवळ घ्या आणि कारण विचारा.