एक जूनची मंडळी

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, मी एक खोटे लिहिले. लेखकाला त्यात नवे ते काय, असे म्हणून आपण हसाल. पण हे खोटे दुसऱ्याच्या नावावर लिहिलेले होते, आणि ते लिहिल्याखेरीज पुढे सरकण्याची सोय नव्हती.

आमच्याकडे वीस वर्षे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा एका कार्यालयाचा फॉर्म संगणकावर भरून द्यायचा होता. नाव झाले, पत्ता झाला, आणि गाडे जन्मतारखेपाशी अडले. मावशींच्या आधार कार्डावर नुसते साल आहे, १९६९. मी तेवढेच भरले. चौकट लाल झाली.

"मावशी, तारीख काय तुमची?"

"तारीख कुठली, दादा? पूर आला तेव्हा मी महिन्याची होते. आईनं पाटीत घालून वर नेलं मला, एवढं ती सांगायची."

१९६९ च्या सप्टेंबरातला गोदावरीचा महापूर नाशिकची जुनी माणसे विसरलेली नाहीत. इथला माणूस पूर फुटांनी मोजत नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले, गळ्याला लागले, असे सांगतो, आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळते. मावशींचे उत्तर त्याच जातीचे होते. त्यात संशयाला जागा नव्हती. फक्त ते आठ अंकांत बसत नव्हते.

माझा भाचा पुण्याला संगणकाच्या कंपनीत असतो. असले फॉर्म बांधणे हेच त्याचे काम. तो म्हणाला, "मामा, प्रत्येक चौकटीमागे एक साचा असतो. त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. दोन अंक, तिरकी रेघ, दोन अंक, तिरकी रेघ, चार अंक. बसलं तर आत, नाही तर बाहेर." या साच्याचे कुळ मोठे गमतीचे आहे. स्टीफन क्लीनी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मज्जातंतूंच्या जाळ्याचे गणित मांडताना ही लेखनपद्धती वापरली. १९६८ साली केन थॉम्प्सनने मजकुरातले शब्द हुडकण्याची रीत तिच्यावर बसवली. हुडकण्यासाठी घेतलेली वस्तू पुढे दारावर पहाऱ्याला बसली.

पहारा नकोच, असे माझे म्हणणे नाही. पिनकोड घ्या. टपाल खात्यातले आपले श्रीराम भिकाजी वेलणकर, जे संस्कृतचे कवीही होते, त्यांनी ही योजना आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली. सहा अंक, आणि पहिला कधी शून्य नाही. ४२२००१ लिहिताना एखादा अंक गळला आणि फॉर्मने टोकले, तर ते उपकारच. पण इथे नियम आधी जन्मला आणि आकडा मागाहून. जे साच्यातून निघाले त्याची पारख साच्याने खुशाल करावी. माणसाचे नाव आणि माणसाचा जन्म ही कोणत्याही कार्यालयातून निघालेली नाहीत. तिथे साचा म्हणजे कुणीतरी बसल्या जागी बांधलेला अंदाज, आणि अंदाज चुकला की लाल मात्र माणूस होतो.

भाचा प्रामाणिक आहे. त्याने आपलीच फजिती सांगितली. एका फॉर्ममध्ये मराठी नावासाठी त्याने साचा घातला होता: फक्त अक्षरे चालतील. आता युनिकोड नावाच्या जागतिक वर्णसूचीत क, ख, ग ही अक्षरे आहेत. पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त यांची गणना अक्षरांत नाही, ती निराळी चिन्हे. परिणाम काय? कमल आत आली, शरद आत आला. शांता आणि गोविंद बाहेर राहिले. मी लगेच पंचवटीचा हिशेब करून पाहिला. राम नाही, सीता नाही, लक्ष्मण तर नाहीच. आत कोण? दशरथ आणि भरत, ज्यांनी पंचवटीत कधी पाऊल टाकले नाही!

आम्ही पोट धरून हसलो. मावशीही हसल्या. पण त्याच साच्यात 'कखग' हे नाव बिनबोभाट जाते, आणि दहा वेळा नऊ लिहिले की तो मोबाईल क्रमांक म्हणून चालतो. नीटनेटके खोटे आत जाते, अस्ताव्यस्त खरे बाहेर उभे राहते. खोटे आत शिरले तर नुकसान कार्यालयाचे, खरे अडले तर नुकसान मावशींचे; आणि साचा बांधताना पहिल्या नुकसानीचीच तेवढी चिंता वाहिलेली असते.

"पण मामा," भाचा म्हणाला, "मोकळी चौकट ठेवली तर लोक काय वाटेल ते लिहितात. 'पुराच्या साली' यावरून वय कसं मोजायचं?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी त्याला मावशींचे कार्डच दाखवले. २०१० साली आपल्याच नाशिक विभागातल्या, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी पहिले आधार क्रमांक दिले गेले. तारीख ठाऊक नसलेल्याला त्या नोंदणीत नुसते वय सांगण्याची मुभा होती, आणि ते अंदाजाचे आहे अशी खूणही करता येई. कोट्यवधी माणसे मोजायला निघालेल्यांना 'अंदाजे' हा शब्द परवडला.

भाचा थोडा वेळ गप्प बसला. "एक खूण जास्त ठेवायची, एवढंच काम आहे," तो म्हणाला. "कुणी मागितली नाही, म्हणून ठेवली नाही."

फॉर्म मात्र त्याने बांधलेला नव्हता, आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. खोटेच लिहायचे तर जवळचे लिहावे, म्हणून मी एक ऑगस्ट सुचवला. मावशींना तो पसंत पडला नाही.

"एक जूनच टाका. आमच्या वाड्यात सगळ्यांचा तोच आहे. शाळेत गुरुजींनी घातलेला."

०१/०६/१९६९. चौकट हिरवी झाली. खाली ओळ होती: 'वरील माहिती खरी असल्याचे मी घोषित करतो/करते.' भाजीतले चार रुपये उरले तरी मोजून परत देणाऱ्या त्या बाईंच्या वतीने मी तिथे बरोबरची खूण केली.

यंदा एक जूनला सकाळी मावशी ओट्याशी न जाता फोन घेऊन माझ्याकडे आल्या. त्या कार्यालयाकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या होत्या, फुलांच्या चित्रासकट.

"कोणी पाठवलं हो, दादा?" त्यांनी विचारले. "वाड्यात सगळ्यांना आलंय."