चढणारा की उतरणारा?

ध्रुवतारा ज्या तारकासमूहात आहे त्या ध्रुवमत्स्यातच ६.८ प्रतीचा एक नारंगी तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, दुर्बीण लागते. ताऱ्यांच्या यादीत तो '८ अर्सा मायनॉरिस' आहे आणि २०१९ पासून कोरियातल्या बेक्दू पर्वताच्या नावाने ओळखला जातो. अंतर सुमारे ५३० प्रकाशवर्षे, वस्तुमान सूर्याच्या दीडपट, व्यास जवळजवळ अकरापट, पृष्ठभागाचे तापमान ४,८५० केल्विनच्या आसपास. म्हणजे हा राक्षसी तारा.

ही माहिती खरी आहे, पण तारा आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते तिच्यातून कळत नाही.

गाभ्यातला हायड्रोजन संपला की असा तारा फुगू लागतो. गाभ्यात उरतो हेलियम. तो थंडावत नाही, आकसत आणि तापत जातो; हायड्रोजनचे ज्वलन गाभ्याभोवतीच्या कवचात चालू राहते. गाभा सुमारे दहा कोटी केल्विनला पोचला की हेलियम पेटतो, आणि अवाढव्य झालेला तारा पुन्हा लहान होतो. घाटातल्या एकाच वळणावर एक प्रवासी वर चढताना दिसावा आणि दुसरा माथा गाठून उतरताना, तसे इथे घडते. दोन्ही तारे सारखेच नारंगी, सारखेच तेजस्वी, जवळपास सारख्याच आकाराचे. बाहेरून पाहून कोण चढणारा आणि कोण उतरणारा, हे सांगणे फार अवघड.

गाभ्यात मात्र दोघांचे काही जुळत नाही, आणि गाभ्याची खबर कंपने आणतात. ताऱ्याच्या वरच्या थरांत वायू सतत उकळत असतो. त्यातून उठणाऱ्या लहरींमुळे ताऱ्याचे तेज अगदी किंचित कमीजास्त होत राहते. यांतल्या काही लहरी गाभ्यापर्यंत जाऊन येतात. अशा लागोपाठच्या कंपनांच्या आवर्तकाळांतला फरक मोजायचा. चढत्या ताऱ्यात तो शंभर सेकंदांहून कमी भरतो, हेलियम पेटलेल्या ताऱ्यात साधारण तीनशेच्या घरात. टेस या अवकाश दुर्बिणीच्या नोंदींवरून बेक्दूसाठी तो ३२० सेकंद निघाला. नेहमीच्या हिशेबाने बेक्दू माथ्यावरून परतलेला आहे! मला हे मोजमाप विलक्षण वाटते: शेकडो प्रकाशवर्षांवरच्या झाकलेल्या गाभ्यात काय पेटले आहे, ते तेजाच्या थरथरीवरून कळते.

पण मग एक अडचण उभी राहते. या ताऱ्याभोवती गुरूहून जड असा हल्ला नावाचा ग्रह ९३ दिवसांत फेरी मारतो, सुमारे ६.९ कोटी किलोमीटरवरून. तो कोरियन खगोलशास्त्रज्ञांना २०१५ मध्ये सापडला. एकट्याने फुगून माथ्यावर पोचलेला तारा मात्र दहा कोटी किलोमीटरपलीकडे पसरला असता. हल्ला तर त्याच्या पोटात जायला हवा होता! ताऱ्याच्या स्वतःच्या हालचालीमुळे ग्रहाचा भास होत असेल, ही शंका योग्यच होती. म्हणून खगोलशास्त्रज्ञ मार्क हॉन आणि सहकाऱ्यांनी हवाईतल्या दुर्बिणींनी पुन्हा मोजणी केली. ग्रहाची खूण अनेक वर्षांच्या नोंदींत तशीच स्थिर आढळली. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झाले.

त्यांचा मुख्य तर्क असा की बेक्दू मुळात दोन तारे होते. त्यांतला एक आधीच श्वेत बटू, म्हणजे ज्वलन संपून उरलेला गाभा, झालेला; दुसरा फुगत असलेला. दोघे एकमेकांत मिसळले, हेलियम लवकर पेटला आणि फुगणे मध्येच थांबले, म्हणून हल्ला वाचला. किंवा हल्ला त्या मीलनात उधळलेल्या वायूतून नंतर बनला असेल. बेक्दूमध्ये लिथियम नेहमीच्या राक्षसी ताऱ्यांपेक्षा बरेच जास्त आहे, आणि ते अशा मीलनाशी जुळते.