बागेची कड

सुंदर नर्सरीतल्या एखाद्या बाकावर बसा, सकाळी, ऊन चढायच्या आत. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यालगतची ही नव्वद एकरांची बाग 2018 साली लोकांसाठी खुली झाली. श्वास चाललाय तसा चालू द्या. नुसतं ऐका.

आधी मथुरा रोडवरचे हॉर्न. मग पोपट. मग पाणी. यातलं काय पुढे आणायचं नि काय मागे सारायचं, हे तुमच्या मेंदूने न सांगता ठरवलंसुद्धा. आता समजा, ते ठरवणारं कुणीच नाही. हॉर्न, पोपट, पाणी, कॉलरची शिवण, सगळं एकाच जोराने अंगावर येतंय. असं होणारं मूल कानांवर हात ठेवतं. लोक म्हणतात, हट्टी आहे.

कान सोडा, तळपायांकडे या. पावलं जमिनीत दाबा. जरा वेळ तशीच राहू द्या. सांध्यांना, स्नायूंना कळणारा हा दाब आणि आतल्या कानातला तोल, या दोन्हींकडे अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन आयर्स यांनी 1972 च्या पुस्तकात लक्ष वेधलं. ढकलणं, ओढणं, लटकणं पुष्कळ मुलांना निववतं. संथ झोकाही. गरगर फिरण्याने मात्र अनेकजण चेकाळतात, म्हणून मुलांच्या खेळाच्या बागेत चक्र झोक्यापासून लांब हवं. एक मूल वाळूत लोळेल, दुसरं एका कणाने किंचाळेल. त्याला वाळूच्या कडेने कोरडी वाट हवी.

मे महिन्यात दिल्लीतली पत्र्याची घसरगुंडी तव्यासारखी तापते, गडद रबरी फरशीही पोळते. खेळाची रंगीत पॅनेल मागवण्याआधी कडुनिंब लावावा, असं माझं मत. पण पॅनेलचं उद्घाटन लगेच करता येतं, सावलीला वर्षं लागतात.

आता नजर बागेच्या कडेला न्या. तिथे एका मुलापुरता, वेलींनी झाकलेला कोपरा कल्पा. तिथून खेळ दिसतो, पण धक्का लागत नाही. त्यात बसलेलं मूल खेळाबाहेर नाही. कधी शिरायचं ते ठरवतंय. आवाज-स्पर्श असे अंगावर येणं ऑटिझममध्ये नेहमीचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, तरी बागांमधली सोय बहुतेकदा रॅम्पपाशीच संपते.

आपल्या सेक्टरमधला पार्क आठवा. द्वारकेतला, नोएडातला, कुठलाही. असा कोपरा तिथे सापडतो का? बहुधा तिथे पाण्याचा पंप घरघरत असेल. तो हलवता येईल का, एवढं आरडब्ल्यूएच्या, म्हणजे रहिवासी संघाच्या, पुढच्या बैठकीत विचारा.