सपाट वाटेवर कोठे वळावे?

वाचकहो, चढाचा रस्ता मनुष्याला दमवतो, हे कोणी कोणाला शिकवावे लागत नाही. पण सपाट रस्ता मनुष्याला फसवतो, हे आम्हांस साठी उलटल्यावर कळले, आणि तेही अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जाऊन. आमचा पुतण्या तिकडे नोकरीनिमित्त राहतो. त्याच्याकडे आम्ही काही महिने मुक्कामाला होतो.

त्याच्या घराजवळून एक डांबरी वाट जाते. रुंदी बैलगाडी जाईल एवढी, पण वर गाडी नाही, घोडा क्वचित. चालणारे, पळणारे आणि सायकलवाले तेवढे. लिटल मायामी नावाची नदी आहे, तिच्या कडेकडेने, मोठाल्या झाडांच्या सावलीतून ती जाते. लांबी थोडीथोडकी नव्हे, सुमारे ७८ मैल! स्प्रिंगफील्ड गावापासून झेनिया, मॉरो, लव्हलँड करीत थेट सिनसिनाटी शहराच्या आसपास पोहोचते. आम्ही विचारले, "अरे, एवढी सपाट वाट केली कोणी?" तो म्हणाला, "काका, ही वाट नव्हेच. ही आगगाडी आहे. रूळ तेवढे काढलेत."

मग उलगडा झाला. लोखंडी चाकाची लोखंडी रुळावर पकड ती किती! थोडा चढ आला की चाक जागच्या जागी फिरते. आपल्या खंडाळ्याच्या घाटात १८६३ साली लोहमार्ग झाला, त्याला दर ३७ फुटांस १ फूट चढ आहे, तर कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लावून ती वर ढकलावी लागते. म्हणून रेल्वे बांधणारे आधी सपाटीच शोधतात. नदीकाठ मिळाला तर उत्तम, नाही तर टेकडी खोदा, खळगा भरा. ही लिटल मायामी रेल्वे १८४० च्या दशकातली. अमेरिकेत १९१६ साली अडीच लाख मैलांहून अधिक लोहमार्ग होता म्हणतात. पुढे मोटारी आणि मालट्रक आले, कित्येक फाटे ओस पडले, रूळ उचलले गेले. मागे राहिली ती सपाटी. अशा जुन्या रेल्वेवाटा आता त्या देशात वीस हजार मैलांच्या वर आहेत. इंजिनासाठी केलेली सोय माणसाच्या पायांना आयती मिळाली.

पण पाय म्हणजे चाक नव्हे, ही मेख आहे. चढाला एक स्नायू राबतो, उताराला दुसरा, तेवढ्यात पहिला विसावा घेतो. सपाटीवर अदलाबदल नाही. पळणाऱ्याची मैलाला दीड हजाराच्या आसपास पावले पडतात, ती सगळी एकाच मापाची, एकाच जागी दाबणारी, आणि खाली कठीण डांबर. शिवाय डोंगराला माथा असतो; माथा आला की तोच म्हणतो, बाबा, फिर आता मागे. सपाट वाट 'पुरे' म्हणून कधी म्हणत नाही. ते आपले आपण म्हणायचे. आणि म्हणायचे केव्हा? तर अर्ध्यावर, अंगात दम आहे तेव्हाच. परतीचे ओझे ज्याच्या अंगावर पडणार तो थकलेला गडी त्या घटकेला हजरच नसतो. कर्ज काढणारा एक आणि फेडणारा दुसरा, असा हा व्यवहार.

क्षणिकवादी यावर म्हणेल, खरोखरच ते दोघे वेगळे, कारण प्रत्येक क्षणी सगळेच नवे. आमचे शास्त्रीबुवा पाठशाळेत हे मत मांडून मग खोडून काढीत: असे मानले तर केलेले वाया जाईल आणि न केलेले भोगावे लागेल, कृतनाश आणि अकृताभ्यागम असे दोन दोष येतील. म्हणून कर्ता तोच भोक्ता. हे आम्ही वर्षानुवर्षे बिनदिक्कत सांगत आलो. त्या वाटेवर मात्र एक पोटप्रश्न निघाला, तो शास्त्रीबुवांना विचारायचा राहून गेला होता.

झाले असे. पुतण्याचा मुलगा तेरा वर्षांचा. एका रविवारी बापलेक पळायला निघाले. तीन मैल जायचे, तीन यायचे, असे ठरले होते. जाताना नदीच्या प्रवाहाबरोबर गेले. वाट सपाट दिसते खरी, पण नदी वाहते म्हणजे कणभर उतार असणारच. तो डोळ्याला दिसत नाही, पायाला परत येताना कळतो. तिसऱ्या मैलाला बापाने विचारले, "कसं वाटतंय? अजून जाऊ या?" पोरगा म्हणाला, "मस्त!" असे करता करता पाच मैल गेले. परतताना पोराची नडगी ठणकू लागली. शेवटचे दोन मैल लंगडत आला.

घरी सूनबाई संतापल्या. "तो लहान आहे, तुम्हांला कळायला नको?" पुतण्या म्हणाला, "मी ओढून नेलं नाही. त्याला विचारलं होतं." दोघेही आमच्याकडे बघू लागले. आम्ही आपले ताकाचे भांडे तोंडाला लावले.

रात्री पोराच्या पायाला तेल चोळीत बसलो होतो, तेव्हा तो हळूच म्हणाला, "आजोबा, तिसऱ्या मैलालाच दुखत होतं."

"मग 'मस्त' कशाला म्हणालास?"

"बाबा किती खूश होते!"

वाचकहो, आता सांगा, हे 'हो' कोणाचे? शब्द पोराचा, पण इच्छा बापाची. आम्ही पुतण्याला दुष्ट म्हणत नाही. मुलगा आपल्या बरोबरीने धावतो याचा बापाला आनंद व्हावा, यात वावगे काय? पण तो आनंदच प्रश्न विचारीत होता, आणि आनंदाने विचारलेल्या प्रश्नाला नकार देणे पोराच्या जातीला फार जड. शिवाय परतीची वाट बापाला ठाऊक, पोराला नाही. होकार घेतला तो जाण्याचा. येण्याचे कोणी विचारलेच नाही. एकटा मनुष्य आपल्याच उद्याच्या नावावर उधार काढतो, तेव्हा कर्ता तोच भोक्ता हे खरे. दोघे निघाले की हिशेब बदलतो. संमती घेतली एवढ्याने मोठा माणूस सुटत नाही, असे आमचे मत झाले.

मत झाले आणि झोप उडाली. आमच्याबरोबर पूर्वी एक पोरसवदा पखवाजी असे. रात्री दीड वाजता कीर्तन रंगात आले की आम्ही त्याच्याकडे वळून म्हणत असू, "काय रे, होईल ना अजून?" तो हसून मान हलवी. एकदा पहाटे त्याला तांब्या धरता येईना, तेव्हा त्याची बोटे आम्ही पाहिली, सुजून टरारली होती. आम्ही त्याला हळद लावायला सांगितले आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच विचारले. त्या काळी आम्हांला वाटे, आम्ही विचारून करतो! तो आज कोठे आहे, कोण जाणे.

पोराला आम्ही म्हटले, ही गोष्ट बाबांना तूच सांग, आम्ही सांगणार नाही. दोन दिवस त्याने काढले. तिसऱ्या दिवशी जेवताना सांगितली. पुतण्या घास हातात धरून बराच वेळ बसला. मग म्हणाला, "पाय बरा झाला की जाऊ. या वेळी आधी नदीच्या उगमाकडे जाऊ. वळायचं कुठं ते तू सांगायचं, आणि मी कारण विचारणार नाही."

पंधरा दिवसांनी तिघे गेलो. आम्ही अर्ध्या मैलावर बाकावर बसलो; आमचे गुडघे स्पष्टवक्ते आहेत. ते दोघे पुढे झाडांत दिसेनासे झाले. आम्हांला वाटले, तासभर तरी लागेल. वीस मिनिटांत पावले वाजली. पोरगा पुढे, बाप मागे, दोघांनाही धड घाम आलेला नव्हता.

"इतक्यात?" आमच्या तोंडून निघून गेले.

पोराने बापाकडे पाहिले. बाप बुटाची नाडी बांधायला खाली वाकला होता.