चित्र गेलं, चिठ्ठी राहिली

‘अत्यंत दुर्मिळ छायाचित्र, सर्वांना पाठवा’ अशा मजकुरासह जे काही मोबाइलवर येऊन पडतं, त्यात हल्ली संगणकानं रचलेल्या ‘जुन्या मुंबई’ची भर पडली आहे. तपकिरी छटा, मुद्दाम फाटलेला कोपरा, धुक्यातून येणारी ट्राम आणि दुकानाच्या पाटीवर जगातल्या कुठल्याच लिपीत न बसणारी अक्षरं. पाहणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, काय सुंदर काळ होता. दुसरा म्हणतो, हे बनावट आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेनं इतिहासाची वाट लावली. पहिल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. दुसऱ्याशी मात्र घालायला हवा, कारण त्याचा संताप रास्त असला तरी निदान चुकलं आहे. जुन्या चित्राला त्याच्या कुळापासून तोडण्याचं काम संगणकानं केलेलं नाही, इंटरनेटनंही नाही. ते त्याआधीच अतिशय प्रतिष्ठित माणसांच्या हातून, चांगल्या हेतूनं, नीटनेटक्या कपाटांमध्ये होऊन गेलं होतं.

किरकोळ छापील कागद जपून ठेवण्याचा नाद तसा जुनाच. सॅम्युअल पेपिसनं सतराव्या शतकात रस्त्यावर विकली जाणारी बॅलडची पत्रकं जमवली. व्हिक्टोरियन घरांतून कात्रणवह्या सजल्या. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचा प्रमुख जॉन जॉन्सन यानं तिकिटं, वेष्टनं, नाटकांच्या जाहिराती असा प्रचंड पसारा उभा केला आणि १९६८ साली तो बॉडलियन ग्रंथालयात गेला. मॉरिस रिकर्ड्सनं १९७५ मध्ये लंडनला अशा कागदांसाठी एक संस्थाच काढली. या मंडळींच्या बाबतीत एकच गोष्ट नजरेआड होऊ नये: चित्राचं प्रेम त्यांच्या लेखी दुय्यम होतं. रिकर्ड्स या कागदांकडे रोजच्या जगण्याचे दस्तऐवज म्हणून पाहत असे. तिकिटावर सुरेख वेलबुट्टी असली तर उत्तमच, पण जपायचं ते तिकीट. त्यावरचं भाडं, मार्ग, छापखान्याचं नाव.

आपल्याकडचा पुरावा पाहू. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तिथल्या ओलिओग्राफच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर चित्राचं आणि छापखान्याचं नाव असे. देवघरासाठी फ्रेम करताना ही पट्टी कापली जाई, नाहीतर लाकडाखाली दडे. त्यात चूक काहीच नाही. पूजेला लक्ष्मी लागते, छापखाना लागत नाही. पण त्याच धर्तीची लक्ष्मी साबणाच्या कॅलेंडरवर गेली, काडेपेटीवर गेली. मँचेस्टरच्या कापडावर चिकटवल्या जाणाऱ्या तिकिटांवरही देवदेवता होत्याच, कारण अक्षर न येणाऱ्या गिऱ्हाइकाला आपला माल ओळखता आला पाहिजे. तिथे देव हा व्यापाऱ्याचा छाप होता. आज ही सगळी चित्रं ‘लक्ष्मीचं जुनं चित्र’ एवढ्याच ओळखीवर शेजारी मांडली, तर ती सख्ख्या बहिणी दिसतात आणि त्यांच्यामागचे वेगवेगळे बाजार बेपत्ता होतात. याहून ढळढळीत उदाहरण ‘आवाज’ दिवाळी अंकातल्या खिडकी-चित्राचं. वरच्या पानाला कापलेल्या खिडकीतून काहीतरी चावट दिसतं. पान उलटलं की खालचं चित्र अगदी सात्त्विक निघतं. सगळी गंमत त्या पान उलटण्यात. नुसतं वरचं पान स्कॅन करून पाठवलं की चावटपणा तेवढा उरतो. म्हणजे विनोद गेला, आणि तो ज्याची खिल्ली उडवत होता, ते वाचकाचं मन मात्र पुढे पाठवलं गेलं.

आता ज्या वळणाकडे सगळे चुकीच्या नजरेनं पाहतात, त्याकडे येतो. ओटो बेटमन बर्लिनच्या सरकारी कला-ग्रंथालयात दुर्मिळ पुस्तकांचा विभाग सांभाळत होता. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्याची नोकरी गेली. १९३५ मध्ये चित्रांनी भरलेल्या दोन पेट्या घेऊन तो न्यूयॉर्कला पोचला आणि पुढच्या वर्षी त्यानं बेटमन अर्काइव्ह थाटलं. ही हकिकत नेहमी सांगितली जाते ती एका माणसानं नाझींच्या तावडीतून संस्कृती कशी वाचवली याची कथा म्हणून. कथा खरी आहे, पण पेट्यांत काय होतं हे कुणी विचारत नाही. बेटमनचा हातखंडा होता लायका कॅमेऱ्यानं चित्रांचे फोटो घेण्यात: हस्तलिखितांतल्या, ग्रंथांतल्या, जुन्या मुद्राचित्रांतल्या. म्हणजे पानं बर्लिनमध्ये राहिली आणि प्रतिमांनी समुद्र ओलांडला. निर्वासिताला दुसरं काय शक्य होतं? पण न्यूयॉर्कमध्ये या नाइलाजाचा धंदा झाला, आणि धंद्याचा तर्क निराळा असतो. जाहिरात कंपनीतल्या माणसाला सोळाव्या शतकातला वैद्यकग्रंथ नको असतो. त्याला उद्या सकाळपर्यंत ‘डोकेदुखी’ दाखवणारं काहीतरी गमतीदार हवं असतं. म्हणून इथे चित्रं लागली ती विषयवार. बेटमन हाडाचा ग्रंथपाल होता. चित्राची छोटी प्रत आणि त्याची माहिती तो सूचीच्या कार्डावर नोंदवून ठेवी. मागणी आली की चित्र बाहेर जाई आणि कार्ड कपाटात राही. सगळा बदल या एवढ्याशा हालचालीत आहे.

इथे कुणीतरी हमखास वॉल्टर बेंजामिनला साक्षीला आणतं. यांत्रिक प्रतिकृतीवरचा त्याचा निबंध नेमका १९३६ चाच. प्रती निघाल्या की मूळ कलाकृतीचं तेज ओसरतं, तेच इथे झालं, असा हा युक्तिवाद. कलादालनातल्या तैलचित्राबाबत तो खरा असेल. काडेपेटीच्या छापाला मूळ कुठलं? तो जन्मतःच प्रत असतो, असंख्यांतली एक. आणखी प्रती काढल्यानं त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पत्ता हरवल्यानं, तो कुठून निघाला आणि कुणाच्या हाती पडण्यासाठी निघाला हे कळेनासं झाल्यानं. ‘फॉरवर्ड फार झाले’ म्हणणारे म्हणूनच भलत्या आरोपीला धरतात. लाखो वेळा पाठवलेलं चित्रसुद्धा, सोबत त्याची चिठ्ठी असली, तर शाबूत असतं.

याचा पडताळा न्यूयॉर्कमध्येच मिळतो. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाचा चित्रसंग्रह १९१५ मध्ये सुरू झाला आणि १९२९ पासून जवळजवळ चार दशकं रोमाना जॅविट्झ यांनी तो सांभाळला. इथली कात्री बेटमनपेक्षा निर्दय: पुस्तकं आणि मासिकं सरळ कापायची, चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवायची, विषयवार फायलींत घालायची. जोसेफ कॉर्नेलसारख्या कलावंतापासून सामान्य वाचकापर्यंत कुणीही ती घरी नेऊ शके. तेव्हा कापणं हा गुन्हा नाही, विषयवार लावणं तर नाहीच. फरक असा की उगमाची खूण इथे पुठ्ठ्यावरच असे. चित्र बाहेर पडताना ती पाठीवर घेऊन पडे. ग्रंथालयाला उगम सांगण्यात काही गमवायचं नव्हतं. चित्र भाड्यानं देणाऱ्याला होतं. कुणाचाच हक्क न उरलेलं जुनं चित्र कुठल्या ग्रंथात आहे हे गिऱ्हाइकाला कळलं, तर तो तडक त्या ग्रंथाकडे जाईल. अज्ञान हा इथे व्यवहाराचा भाग होता. बेटमनला स्वतःला याची टोचणी असावी असं मला वाटतं. १९७४ मध्ये त्यानं ‘द गुड ओल्ड डेज: दे वेअर टेरिबल!’ हे पुस्तक काढलं आणि आपल्याच संग्रहातली चित्रं वापरून एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेची घाण, भेसळ आणि बालमजुरी उघडी केली. कपाटातलं कार्ड त्यानं आपल्या हातानं चित्राला पुन्हा जोडलं. पण जग मागत होतं ते चित्रच, कार्ड नव्हे.

पुढचा प्रवास भरभर सांगण्यासारखा आहे. १९९५ मध्ये बेटमनचा संग्रह बिल गेट्सच्या कॉर्बिस या कंपनीकडे गेला. २०१४ च्या सुमारास ट्विटरवर ‘इतिहासाची चित्रं’ टाकणाऱ्या खात्यांचे लाखो चाहते झाले. त्यातलं एक गाजलेलं खातं दोन पोरं चालवत होती, छायाचित्रकाराचं नाव न देता. इतिहासकार भडकले. पण त्या पोरांनी नवं काय केलं? जाहिरात कंपनीतल्या त्या माणसाची सवय त्यांनी फुकट करून टाकली, एवढंच. संगणकानं रचलेलं जुनं छायाचित्र ही त्याच्या पुढची पायरी: ज्याला कार्ड कधी नव्हतंच असं चित्र. कार्ड न मागण्याची सवय आपल्याला आधीच नसती लागली, तर ते आपल्या गळी उतरलं नसतं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. बनवाबनवी छायाचित्राइतकीच जुनी आहे, मग जुन्या कागदाचं एवढं कौतुक कशाला? विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या इंग्रज अधिकाऱ्याचं, मुंबईतल्या रहिवाशांच्या आणि पाहुण्यांच्या जातीजमाती दाखवणारं पुस्तक १८६० च्या दशकात दोन खंडांत निघालं. त्यातली माणसं ज्या देखाव्यांपुढे उभी दिसतात, त्या जागी ती उभीच नव्हती. माणसांचे फोटो वेगळे, देखाव्यांचे वेगळे. दोन्ही जोडून एक छापलं. यातलं एखादं पान ‘१८६० सालचे मुंबईकर’ म्हणून आलं तर ते बनावट म्हणायचं का? एका अर्थी हो. पण ही जोडकामाची गोष्ट आज आपल्याला कळते ती पुस्तक शिल्लक आहे म्हणून. पान पुस्तकात ठेवून पाहिलं की जॉन्सनला काय करायचं होतं तेही दिसतं: माणसाचा चेहरा नव्हे, जमातीचा नमुना. ही दृष्टी पुढच्याच दशकात पूर्ण झालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ सरकारी खंडांत आणखी ताठ झाली. मथळा कापून टाकला की तो साम्राज्याचा ताठा पुसला जातो आणि उरतं छानसं नऊवार, छानसं पागोटं. म्हणजे मथळा चुकीचा, अपमानकारक असला तरी तो ठेवायलाच हवा. उलट तेव्हा जास्तच. जॉन्सनचं खोटं तपासता येतं, कारण ते कुणीतरी, कुठेतरी, कशासाठी तरी केलं होतं आणि त्याचे कागद आहेत. संगणकी ट्रामच्या बाबतीत तपासायला काही नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक अडचणीचा वाटतो. कॉर्बिसनं बेटमन संग्रह पेन्सिल्व्हेनियातल्या चुनखडीच्या जुन्या खाणीत, जमिनीखाली सुमारे २२० फुटांवर, गोठणबिंदूखालच्या थंडीत नेऊन ठेवला. फिल्म टिकावी म्हणून ते योग्यच होतं, पण एक कोटीहून अधिक प्रतिमांपैकी अगदी थोड्या तोवर संगणकावर आल्या होत्या. कार्ड आणि चित्र एकत्र असूनही कुणाला दिसत नसतील, तर चोरबाजारात घेतलेलं सिनेमाचं लॉबी-कार्ड फोनवर काढून पाठवणारा हौशी माणूस बरा, असं कुणी म्हटलं तर ते खोडून काढता येत नाही. ते खोडायचंही नाही. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’मध्ये घरातला फोटो येतो तो त्यातल्या माणसांच्या हकिकतीसकट. ‘तसवीर घर’नं कॅलेंडरं आणि लेबलं अभ्यासकांच्या लेखांसह मांडली. दोन्ही इंटरनेटवरच. माध्यम तेच, मग वितुष्ट माध्यमाशी कसं असेल?

राहता राहिली सबब अशी की बहुतेक जुन्या चित्रांची माहितीच मिळत नाही, मग लिहायचं काय? १९३२ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरच्या अर्धवट इमारतीवर तुळईवर बसून डबा खाणाऱ्या ११ कामगारांचा फोटो सगळ्यांनी पाहिला आहे. तो प्रसिद्धीसाठी जुळवून आणलेला होता आणि २ ऑक्टोबरला ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये छापून आला. त्याची काचेची निगेटिव्ह, आता तडकलेली, बेटमन संग्रहातच आहे. वर्षानुवर्षं लोक तो लुइस हाइन या छायाचित्रकाराचा समजत. २००३ मध्ये चार्ल्स एबेट्सच्या घरच्यांनी जपलेल्या कागदांच्या आणि कात्रणांच्या आधारे कॉर्बिसनं एबेट्सचं नाव लावलं. मग त्या दिवशी तिथे आणखीही छायाचित्रकार होते असं निघालं आणि नाव मागे घेऊन ‘अज्ञात’ लिहिण्यात आलं. फोटो आहे तसाच राहिला, त्याची मागणीही. जगातल्या सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या फोटोंपैकी एकाखाली ‘अज्ञात’ लिहून धंदा बुडत नसेल, तर गणपतीच्या जुन्या लेबलाखाली ‘छापखाना माहीत नाही, मागची बाजू कोरी’ असं लिहिण्यात एखाद्या हौशी संग्राहकाला जड जाण्याचं कारण नाही. मात्र ते लिहायचं तर आधी लेबल उलटून पाहावं लागतं.