उपवास आणि उपासमार

शिक्षणासाठी जर्मनीत जाणाऱ्या मुलाला बहुधा वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधीच एका खात्यात अडकवून ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. तिथे गेल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो हाती येतात. घरभाडे, आरोग्यविमा, किराणा सगळे त्यातच भागवायचे. अनेक घरांत यासाठी कर्ज काढलेले असते.

म्हणून मूल प्रत्येक युरो रुपयांत मोजते. तीन आठवडे वरणभातावर काढते. मग परीक्षा जवळ येते, हिवाळ्यात चार वाजताच अंधारते, खोलीत बोलायला कोणी नसते. एका रात्री बाहेरचे जेवण मागवले जाते, नको असलेले बूट घेतले जातात. सकाळी मन खाते आणि पुन्हा पोटाला चिमटा सुरू होतो. घरी फोनवर मात्र 'सगळे ठीक'.

याला उधळपट्टी म्हणावे का?

वारकऱ्याला एकादशी ठाऊक आहे. उपवासात आणि उपासमारीत पोट सारखेच रिकामे असते. पण उपवास आपण होऊन धरलेला असतो, त्याची तिथी ठरलेली असते, तो भजनात, चार जणांच्या संगतीत पार पडतो. आणि द्वादशीचे पारणे केल्याशिवाय तो पुरा होत नाही. उपासमारीला तिथी नाही, संगत नाही, पारणेही नाही. भीतीपोटी केलेली काटकसर ही मनाची उपासमारच होय. ती एक दिवस बांध फोडते.

तेव्हा मुलांनी काटकसरीलाही तिथी द्यावी आणि पारणेही ठेवावे. महिन्याच्या आरंभीच थोडी रक्कम आनंदासाठी बाजूला काढावी व ती निःशंक खर्चावी. दिंडीत भिशी भरून सारे एका पंगतीला बसतात, तसे चौघांनी मिळून रांधावे. खर्च उतरतो, एकटेपणही उतरते.

आणि आईवडिलांनी? तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली ती आपल्या वाट्याच्या येण्याची खते. बँकेचे देणे बुडवू नये, ते फेडायचेच. पण 'तुझ्यासाठी आम्ही किती सोसले' हे एक खत आपणही मनात जपलेले असते. त्याचे धनको आपणच, म्हणून ते आपल्याला बुडवता येते. मग फोनवर 'पैसे पुरतात ना?' याआधी 'आज कोणाबरोबर जेवलास?' असे विचारावे, आणि खरे उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे.

रामकृष्णहरी.