हयातीचा दाखला

आमचा भाचा संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. परवा म्हणाला, "मामा, खर्चीक अट दर फेरीला तपासायची नसते. एकदाच तपासायची, उत्तर टिपून ठेवायचं, पुढे नुसतं टिपण बघायचं." १९६८ साली डोनाल्ड मिची नावाच्या साहेबाने या युक्तीचे बारसेही केले म्हणे.

मला हसू आले. बँकेत आम्ही दुसरे काय करतो? दरमहा पेन्शन जमा करताना म्हातारा आहे की गेला, हे कोण बघतो? नोव्हेंबरात एकदा हयातीचा दाखला घेतला, की माणूस कागदोपत्री वर्षभर ठणठणीत! २०१४ पासून अंगठा लावून तो घरबसल्याही देता येतो. तरी आमचे एक आजोबा काठी टेकत जिना चढून येतात आणि धापा टाकत विचारतात, "बघा, चालतोय का अजून?" अट खर्चीक खरी, पण खर्च त्यांच्या गुडघ्यांचा.

"आणि मधेच उत्तर बदललं तर?" मी भाच्याला विचारले.

"तीच तर गोम आहे. जे बदलत नाही त्याचंच टिपण ठेवायचं."

मी गप्प झालो. 'आईची तब्येत बरी आहे' हे मी गणपतीत टिपले होते. त्या एका टिपणावर दिवाळी आणि संक्रांत काढली. रात्री गावी फोन लावला.

"जेवलास का?" आईने विचारले. माझी चाळिशी उलटली, पण तिने याचे टिपण कधी ठेवले नाही.

"जेवलो. तू बरी आहेस ना?"

ती जरा थांबली. म्हणाली, "आज कसं काय विचारलंस?"